घड्याळातला व्हीओटू मॅक्स पटत नाही? आधी या चुका टाळा

व्हीओटू मॅक्स म्हणजे जीव तोडून मेहनत करताना शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं तो आकडा. प्रयोगशाळेत तो काढताना मास्क लावून, ट्रेडमिलचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवत, श्वासातला ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजतात. स्मार्टवॉच तसं काही मोजत नाही. मुख्यतः वेग आणि हृदयाचे ठोके यांची सांगड घालून ते अंदाज बांधतं. यातली एक नोंद चुकली की आकडा चुकलाच.

सगळ्यात जास्त घोळ कमाल ठोक्यांच्या (मिनिटाला जास्तीत जास्त किती ठोके पडू शकतात त्याच्या) सेटिंगमध्ये होतो. बहुतेक जण तिथे ‘२२० वजा वय’ हाच आकडा राहू देतात. हे सूत्र सरासरीचं आहे. एखाद्याच्या बाबतीत १०-१२ ठोक्यांचा फरक अगदी सहज पडतो. त्याचा परिणाम पाहा. सपाट रस्त्यावर ताशी १० किमी धावायला दर किलो वजनामागे मिनिटाला साधारण ३७ मिली ऑक्सिजन लागतो. विश्रांतीचे ठोके ६० आणि या वेगाला १५० असतील, तर कमाल १९० धरून व्हीओटू मॅक्स ५२च्या आसपास येतो, १८० धरून ४८. धावणारा तोच, धाव तीच!

कमाल ठोक्यांचा खरा आकडा काढायचा तर ठोके मोजणारा छातीचा पट्टा बांधा. १५ मिनिटं वॉर्मअप करून चढावर २-३ मिनिटांच्या तीन जोरदार धावा घ्या, शेवटची जीव तोडून. दिसलेला सर्वोच्च आकडा सेटिंगमध्ये भरा. हृदयविकार किंवा रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका.

आरामात गप्पा मारत धावताय आणि घड्याळ १७५ दाखवतंय? मग सेन्सर बहुधा ठोक्यांऐवजी पावलांची लय पकडतोय. एका पायाची पावलं ३० सेकंद मोजा, चारने गुणा. आकडा जुळला तर शंका पक्की. घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घसरणार नाही इतकं घट्ट बांधा. थंडीत हात गार असताना पहिली काही मिनिटं रीडिंग बिघडतं, तेव्हा आधी अंग गरम करा. इंटरव्हलसाठी (आलटून पालटून जोरात आणि हळू धावण्यासाठी) छातीचा पट्टाच बरा. त्याचे त्वचेला टेकणारे इलेक्ट्रोड मात्र ओले करून लावा.

उंच इमारती आणि दाट झाडीत जीपीएस भरकटतं, म्हणजे वेगच चुकतो. तुलना मोकळ्या, सपाट रस्त्यावरच्या धावांचीच करा.

उन्हाळ्यात त्याच वेगाला ठोके वाढतात आणि घड्याळाला वाटतं फिटनेस घसरला. घाबरून सराव वाढवू नका. बीटा ब्लॉकर गोळ्या चालू असतील तर ठोके दबलेले राहतात, त्यामुळे हा अंदाज धरूच नका.