अपील आलं की आधी तारीख बघतात

ग्वाल्हेरातल्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात माझी नोकरी झाली, त्यातला बराचसा काळ आस्थापना शाखेत. कुणाची वेतनवाढ रोखली, कुणाला ताकीद मिळाली, कुणाच्या सीआरमध्ये, म्हणजे कामाच्या वार्षिक गोपनीय अहवालात, खालचा शेरा पडला, की त्यावरचं अपील फिरत फिरत आमच्या टेबलावर यायचं. त्यात काय लिहिलंय ते नंतर. आधी आदेशाची तारीख, तो हातात पडल्याची तारीख आणि अपील आवक झाल्याची तारीख पेन्सिलीने समासात मांडायची आणि वजाबाकी करायची. उत्तर पंचेचाळीसच्या, म्हणजे अपिलाच्या मुदतीच्या दिवसांच्या, वर गेलं की टिपणीचा पहिला परिच्छेद ठरलेला: अपील मुदतीबाहेरचं आहे, विलंबाचं कारण दिलेलं नाही. त्याच्यापुढे साहेबांनी वाचलंच तर नशीब.

आता ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या भागातली, नव्याने नोकरीला लागलेली मुलं-मुली विचारायला येतात. त्यांची तक्रार बहुधा खरी असते. चौघं उशिरा येतात, पण मेमो एकालाच मिळतो. बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेल्या मुलीला बिनकामाच्या शाखेत बसवतात. कुणाला जातीवरून टोमणे मारून वर कामाचा ठपका ठेवतात. पण तक्रार खरी असणं आणि ती वेळेत असणं या दोन वेगळ्या गोष्टी, आणि कार्यालय दुसरी आधी तपासतं.

आमच्याकडच्या एका सहकाऱ्याचं प्रकरण सांगते, कारण त्यात सगळंच आलं. पायाने अधू माणूस. लिफ्ट बंद असायची आणि शाखा दुसऱ्या मजल्यावर. उशिरा येण्याबद्दल त्याची एक वेतनवाढ रोखली. त्याच्याइतकेच उशिरा येणारे बाकीचे मोकळे. आदेशावर तारीख होती 3 एप्रिल. याने काय केलं, तर ज्या साहेबांनी शिक्षा दिली त्यांनाच ‘फेरविचार व्हावा’ असा अर्ज दिला आणि उत्तराची वाट बघत बसला. साहेब जिन्यात भेटले की म्हणायचे, बघतो. मग पायाचं ऑपरेशन निघालं. खरं अपील, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याच्या नावाचं, आलं 24 जूनला. टिपणीत लिहिलं गेलं की ब्याऐंशी दिवस झाले.

त्याला वाचवलं प्यून बुकने, म्हणजे शिपाई कागद पोचवून ज्यात सही घेतो त्या वहीने. आदेश आधी त्याच्या जुन्या शाखेत गेला होता आणि तिथे पडून राहिला होता. तो हातात मिळाल्याची त्याची सही प्यून बुकात 19 एप्रिलची होती, सहीखाली तारीखही त्यानेच टाकलेली. केंद्राच्या कर्मचाऱ्यांच्या शिस्तीचे आणि शिक्षेचे जे सीसीएस (सीसीए) नियम 1965, त्यातला नियम 25 सांगतो की अपिलाचे 45 दिवस आदेशाची प्रत कर्मचाऱ्याला मिळाल्यापासून धरायचे, आदेशावर छापलेल्या तारखेपासून नव्हे. म्हणजे मुदत 3 जूनपर्यंत होती आणि उशीर उरला तीन आठवड्यांचा. त्याच नियमात पुढे असंही आहे की पुरेसं कारण असेल तर अपील अधिकारी उशीर माफ करू शकतो. दवाखान्यात भरती झाल्याचा आणि तिथून घरी सोडल्याचा कागद, त्यानंतर प्लास्टर असेपर्यंतचं डॉक्टरचं प्रमाणपत्र, असे सगळे दिवस झाकले गेले तेव्हा कुठे उशीर माफ झाला आणि लिफ्टचा मुद्दा कुणीतरी वाचला. दिव्यांग हक्क कायदा 2016 च्या कलम 20 प्रमाणे सरकारी कार्यालयाने दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय करून द्यायची असते, हे त्या अपिलातलं सगळ्यात भक्कम वाक्य होतं. ते चौथ्या पानावर होतं, आणि चौथ्या पानापर्यंत पोचायला आधी तारखेतून पार व्हावं लागलं.

म्हणून नव्याने लागलेल्यांना माझं पहिलं सांगणं अगदी क्षुल्लक वाटेल असं आहे. आदेश घेताना सही करा आणि सहीखाली त्याच दिवसाची तारीख आपल्या हाताने टाका. बाबू म्हणेल, तारीख मी घालतो. घालू देऊ नका. पोस्टाने आला असेल तर पाकीट फेकू नका, आदेशालाच टाचून ठेवा. अपील देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. अपील जाते शिक्षा देणाऱ्याच्या वरच्या अधिकाऱ्याच्या नावाने. शिक्षा देणाऱ्याला फक्त प्रत द्यायची. रेल्वेत असाल तर नियमांचं नाव वेगळं, 1968 चे, पण दिवस तेच 45.

आता गोंधळाची जागा. आपल्याकडे ‘भेदभाव’ असं नाव लिहिलेली एकच खिडकी नाही. अन्याय कोणत्या कागदातून झाला त्यावर मुदत ठरते. सीआरमधला, म्हणजे आताच्या एपीएआरमधला शेरा किंवा गुण पटले नाहीत, तर अहवाल मिळाल्यापासून फक्त 15 दिवस. ही मुदत सगळ्यात जास्त चुकते, कारण अहवाल येतो, माणूस दोन दिवस चिडतो, चार दिवस घरी बोलतो, मधे एखादा सण येतो आणि संपलं. पूर्ण अहवाल दाखवलाच पाहिजे हे 2009 पासून ठरलेलं आहे, त्यामुळे ‘मला माहीतच नव्हतं’ हे आता चालत नाही. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांत द्यायची. प्रकार वारंवार घडत असेल तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायचं. समिती कारण लिहून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, त्यापलीकडे नाही. समितीच्या शिफारशीवर अपील 90 दिवसांत. दिव्यांगांसाठी कार्यालयात तक्रार निवारण अधिकारी असतो आणि त्याने नोंदीनंतर दोन आठवड्यांत चौकशी करायची असते. पण शिक्षेचा आदेश हातात असेल तर ही तक्रार अपिलाची जागा घेत नाही. दोन्ही करा, त्याच आठवड्यात. माहिती अधिकाराचा अर्ज टाकून कागद येईपर्यंत थांबणारेही मी पाहिलेत. थांबू नका. हातात आहे तेवढ्यावर अपील द्या, कागद आले की पुरवणी जोडा. महिला किंवा अनुसूचित जाती अशा एखाद्या आयोगाकडे पाठवलेल्या पत्रानेही अपिलाचे दिवस थांबत नाहीत.

बदलीच्या आदेशावर असं अपील नसतंच. तिथे अभ्यावेदन, म्हणजे लेखी विनंती, द्यायचं, आणि याच शब्दापाशी मध्य प्रदेशातल्या निम्म्या नोकरदारांची गाडी अडते. एक अभ्यावेदन, मग स्मरणपत्र, मग दुसरं स्मरणपत्र, मग मंत्र्यांना प्रत. आपण काहीतरी करतोय असं वाटत राहतं. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी 1989 मध्येच, एस. एस. राठोर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या आपल्याच राज्यातल्या प्रकरणात, सांगून ठेवलंय की नियमात नसलेली अभ्यावेदनं पुन्हा पुन्हा दिल्याने मुदत वाढत नाही. जुन्या, शिळ्या झालेल्या मागणीला कार्यालयाने उशिरा उत्तर दिलं, तरी त्या उत्तराने ती मागणी ताजी होत नाही, हेही न्यायालयाने पुढे 2008 मध्ये स्पष्ट केलं. तरी स्मरणपत्रांचे गठ्ठे येतच असतात.

परवा एक मुलगी आली होती. म्हणाली, “काकू, साहेब तोंडावर चांगलं बोलतात हो. अपील केलं तर उगाच वाकडं होईल. थोडं थांबून बघते.” मी तिला विचारलं, “ते चांगलं बोलतात ते कागदावर देतील का?” ती हसली. तिची भीती खोटी नाही. वर्षभराने सीआर लिहिणारा हात तोच असतो. पण नियमात धरून, सभ्य भाषेत लिहिलेलं अपील हे भांडण नसतं, आणि माझ्या पाहण्यात तरी मुदतीत आलेल्या अपिलाने जितके साहेब बिघडले त्याहून जास्त दालनाबाहेर ताटकळणाऱ्यांमुळे बिघडले. भाषा मात्र खरंच सांभाळा. अपिलात अनादराची भाषा नको असं नियमातच आहे. ‘साहेब जातीयवादी आहेत’ असं लिहिण्यापेक्षा ‘अमुक तारखेला अमुक चार जण उशिरा आले, मेमो मला एकट्याला मिळाला, हजेरीची नक्कल सोबत’ हे जास्त लागतं.

आणि उशीर झालाच असेल तर? तो लपवू नका. अपिलातच आत कुठेतरी ‘काही कारणांमुळे’ असं घालून चालत नाही. विलंब माफीचा वेगळा अर्ज करा, त्यात तारखांची साखळी लावा आणि प्रत्येक कडीला कागद जोडा. न्यायालयं रोजच्या रोजचा हिशेब हटवादीपणे मागत नाहीत, 1987 पासून तसं धोरण आहे, पण मोठी पोकळी दिसली की विचारतात. दवाखाना, उशिरा किंवा चुकीच्या पत्त्यावर मिळालेला आदेश, घरातला मृत्यू, ही कारणं टिकतात. ‘साहेबांनी आश्वासन दिलं होतं’ हे टिकताना मी पाहिलं नाही. छळामुळे मनावर परिणाम झाला असेल तर तेव्हाच डॉक्टरकडे जा. नंतर आणलेल्या मागच्या तारखेच्या प्रमाणपत्राकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

विभागात दाद लागली नाही तर केंद्राच्या कर्मचाऱ्याने कॅटमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात जायचं. 1985 च्या कायद्याचं कलम 21 तिथली मुदत सांगतं: अंतिम आदेशापासून एक वर्ष. अपिलाला उत्तरच आलं नाही, तर सहा महिने थांबायचं आणि त्यानंतर एक वर्ष. समजा 10 मार्च 2026 ला अपील दिलं आणि कुणी उत्तर दिलं नाही. तर 10 सप्टेंबर 2026 ला सहा महिने संपतील आणि 10 सप्टेंबर 2027 पर्यंत कॅटमध्ये जाता येईल. दीड वर्ष ऐकलं की माणूस सैल पडतो. इथेही उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो. अर्जच नसेल तर न्यायाधिकरणाला ते प्रकरण दाखलच करून घेता येत नाही, हे 1999 मध्ये ठरलेलं आहे. पगार चुकीचा निश्चित झाला असेल तर तो अन्याय दर महिन्याला नव्याने होतो असं धरतात, थकबाकी मात्र मागची थोडीच मिळते. बढतीचं तसं नाही. ती तुम्हाला डावलून दुसऱ्याला मिळाली की त्याची ज्येष्ठता पक्की होत जाते, आणि वर्षांनी ती कुणी उसवायला तयार नसतं. त्यामुळे बढतीच्या बाबतीत शेवटच्या महिन्याची वाट अजिबात बघू नका.

राज्य सरकारच्या नोकरीत असलेल्यांना कॅट नाही. राज्याचं स्वतःचं प्रशासकीय न्यायाधिकरण कधीच बंद झालं, त्यामुळे त्यांना थेट उच्च न्यायालयाच्या आपल्या ग्वाल्हेर खंडपीठात याचिका करावी लागते. याचिकेला वर्षाची अशी ठरलेली मुदत नाही, म्हणून निश्चिंत राहणारे बरेच. उशीर तिथेही विचारतातच.

कॅटसाठी ग्वाल्हेर जबलपूर खंडपीठाखाली येतं. त्याची फिरती बैठक इथेही भरते. फी 50 रुपये, पोस्टल ऑर्डरने देता येते. निवृत्त झालेल्याला तो राहतो तिथल्या खंडपीठात जाता येतं. अर्ज पोस्टानेही पाठवता येतो, पण पाठवल्याची तारीख तिथे धरत नाहीत, निबंधकाच्या कार्यालयात पोचल्याची धरतात. तेव्हा मुदतीचे चारच दिवस उरले असतील तर बाड्यावरच्या पोस्टात रांगेत उभं राहू नका, संध्याकाळची महाकौशल एक्सप्रेस पकडा आणि जबलपूरला जाऊन अर्ज हातोहात द्या.