जॅग्वार ई-टाइपला नावं ठेवण्याआधी या चुका टाळा

मी जुन्या स्पोर्ट्स कारचा व्यापार करतो, पण जीव एकाच गाडीवर आहे: जॅग्वार ई-टाइप, त्यातही पहिल्या मालिकेतली ४.२ लिटरची. बाकी गाड्या येतात, जातात. ही गाडी विकताना मात्र मी घेणाऱ्याची उलटतपासणी घेतो आणि काहींना सरळ परत पाठवतो. लोकांना त्याचा राग येतो. येऊ दे.

‘ई-टाइप तापते’, ‘ई-टाइप सडते’, ‘ई-टाइप म्हणजे पांढरा हत्ती’ हे ऐकून कान किटले आहेत. मार्च १९६१ मध्ये ही गाडी जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा दाखवली. मागणी एवढी की एक गाडी पुरेना, म्हणून नॉर्मन ड्युइस हा कंपनीचा चाचणी-चालक दुसरी गाडी कॉव्हेंट्रीहून रात्रभर हाणत तिथे घेऊन आला. त्या प्रवासात तग धरलेलं तेच मॉडेल तुमच्याकडे सिग्नलला उभं राहिल्यावर उकळत असेल, तर मधल्या काळात कुणीतरी काहीतरी करून ठेवलंय. काय करून ठेवतात, ते सांगतो.

थर्मोस्टॅट काढून टाकणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती करणारा स्वतःला हुशार समजतो. गाडी तापली, थर्मोस्टॅट काढला, ‘आता पाणी मोकळं फिरेल’. फिरतं ना, पण भलत्याच वाटेने.

या गाडीच्या एक्सके इंजिनात थर्मोस्टॅटला, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेला, दोन कामं आहेत. इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून पंपाकडे परत वळतं. इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅट रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी त्याच्या अंगचं कडं सरकून बायपासचं तोंड झाकतं. थर्मोस्टॅटच नसेल तर ते तोंड कायम उघडं राहतं. मग बरंचसं पाणी रेडिएटरचं तोंड न बघता तसंच गरम इंजिनात परत जातं आणि गाडी आधीपेक्षा जास्त तापते. मग मोठा रेडिएटर, मग दोन पंखे, मग ‘ही गाडीच अशी’. कडं नसलेला साधा थर्मोस्टॅट ‘बसतोय की’ म्हणून बसवला तरी नेमकं हेच होतं.

नवा थर्मोस्टॅट मी कधीच थेट बसवत नाही. पातेल्यात पाणी तापवून त्यात सोडतो आणि तो कधी उघडतो, कडं पूर्ण सरकतं का, हे डोळ्यांनी बघतो. त्यानंतर ब्लॉकच्या बाजूचे कोअर प्लग (ब्लॉकच्या भोकांवरची पत्र्याची झाकणं) काढून आत तार घालतो, विशेषतः मागच्या सिलिंडरांपाशी. तिथे वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ घट्ट बसलेला असतो आणि नुसत्या फ्लशिंगच्या औषधाने तो हलत नाही. शेवटी चांगलं कूलंट भरायचं. हेड ॲल्युमिनियमचं आहे, साधं नळाचं पाणी त्याला आतून खातं. यात एक पूर्ण दिवस जातो. एवढाही वेळ नसेल तर फोटो लावा भिंतीवर, गाडी घेऊ नका.

पंखा बदलला असेल तर रेडिएटरच्या पुढच्या बाजूला कागद धरून बघा. पंखा मागून हवा ओढतो, म्हणजे कागद रेडिएटरला चिकटला पाहिजे. उडून गेला तर वायरा उलट्या जोडल्यात.

आधार न देता सिल कापणे

दारांखालचे सिल हे या गाडीचा कणा आहेत. पुढे इंजिन पेलणारी नळ्यांची चौकट बोल्टने जोडलेली, मागे सस्पेन्शनचा पिंजरा लटकवलेला आणि मधल्या पत्र्याच्या खोक्याला ताठ ठेवायचं काम मुख्यतः सिल आणि मधल्या बोगद्याचं. रोडस्टरला तर वर टपही नाही.

एका गृहस्थांनी त्यांची रोडस्टर माझ्याकडे विकायला आणली होती. रंग आरशासारखा, नवं लेदर, आणि ‘दोन्ही सिल नवे टाकलेत’ हे अभिमानाने सांगितलेलं. मी रंगाकडे बघितलंही नाही, दारांच्या फटी बघितल्या. वरच्या बाजूला नखही जाईना, खाली बोट जात होतं. पुढच्या बाजूने जॅक लावून गाडी थोडी उचलली तर दार उघडेचना. कुण्या गॅरेजवाल्याने गाडी पुढे-मागे स्टँडवर ठेवून दोन्ही सिल एकदम कापले होते. मधला भाग खचला, आणि खचलेल्या अवस्थेतच नवे सिल वेल्ड केले. मग दारं लागेनात, म्हणून दारांच्याच कडा ग्राइंडरने घासल्या, पुट्टी भरली आणि वरून तो सुंदर रंग मारला. गृहस्थांनी पैसे दोनदा मोजले होते, एकदा सिलचे आणि एकदा दारांचे.

उपाय एकच होता. नवेकोरे सिल पुन्हा कापायचे, बॉडी सरळ करायची, नव्याने वेल्ड करायचं आणि दारांचे पत्रे बदलायचे. ते ऐकून गृहस्थ माझ्यावरच चिडले. गाडी मी घेतली नाही.

माझी पद्धत अशी: कटर हातात घेण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी पाइप आडवा वेल्ड करून घ्यायचा. एका वेळी एकच बाजू उघडायची. प्रत्येक टप्प्याला दार बसवून, लावून बघायचं, मगच पुढचा टाका. असल्या कामाला जो मिस्त्री लगेचची तारीख देतो, त्याच्याकडे मी जात नाही.

पुढच्या चौकटीच्या नळ्यांना तर वेल्डिंगचं ठिगळ लावूच नका. त्या रेनॉल्ड्स ५३१ जातीच्या पातळ पोलादाच्या आहेत आणि आतून गंजतात. वरून रंग चकचकीत असतो. हलक्या हाताने ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा भोक दिसलं, तर चौकट बदला.

बाकीच्या, थोडक्यात

कार्ब्युरेटरना उगाच हात लावणे. एसयू बनावटीचे तीन कार्ब्युरेटर दिसले की हौशी माणसाचे हात शिवशिवतात. आधी प्लग, पॉइंट, टायमिंग बघा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळत असेल तर एसयूच्या डॅशपॉटमध्ये, म्हणजे वरच्या नळकांड्यात, तेल आहे का ते पाहा. बहुतेकदा तिथे खडखडाट असतो.

मागचे ब्रेक पॅड पुन्हापुन्हा बदलणे. मागच्या डिस्क चाकांपाशी नाहीत, डिफरन्शियलला (मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीला) लागून आहेत. तिथल्या उष्णतेने डिफरन्शियलचे ऑइल सील जातात आणि तेल डिस्कवर येतं. सील न बदलता पॅड बदलणं म्हणजे पॅड तेलात बुडवणं. अख्खा पिंजरा खाली उतरवा आणि एकदाच नीट करा.

फक्त क्लच प्लेट बदलणे. त्यासाठी इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र बाहेर काढावे लागतात. एवढं काढल्यावर रिलीज बेअरिंग आणि मागचं ऑइल सील जुनंच ठेवणाऱ्याला काय म्हणावं?

आधीच्या ३.८ लिटरच्या ई-टाइपमध्ये चालत्या गाडीत पहिला गिअर कोंबणे. त्या गिअरला सिंक्रोमेश (गिअरचा वेग जुळवून तो अलगद पाडणारी यंत्रणा) नाही, थांबा आणि मग टाका. ऑक्टोबर १९६४ मध्ये आलेल्या ४.२ ला सगळ्या गिअरना सिंक्रोमेश मिळाला. ताकदीचा आकडा तोच २६५ अश्वशक्ती, पण टॉर्क जास्त, सीट बसण्यालायक आणि दिव्यांवरच्या काचा तशाच. माझा जीव त्याच गाडीवर का, ते यात आलं.

ऑइल प्रेशरचा काटा बघून घाबरणे, किंवा निर्धास्त होणे. काट्याला दाब कळवणाऱ्या इलेक्ट्रिक सेंडरवर विश्वास ठेवू नका. साधा यांत्रिक गेज लावा, गरम इंजिनाला ३००० आरपीएमवर ४० पीएसआयच्या आसपास हवं.

तारांच्या चाकांचे स्पिनर (चाक धरून ठेवणारे मधले मोठे नट) लोखंडी हातोड्याने ठोकणे. तांब्याचा किंवा चामड्याच्या तोंडाचा हातोडा वापरा आणि आटे कुठल्या दिशेचे ते आधी वाचा, स्पिनरवरच लिहिलंय.

‘बारा सिलिंडर, तेही स्वस्तात’ म्हणून १९७१ नंतरची ५.३ लिटरची व्ही-१२ उचलणे. गाडी चांगली आहे, दुर्लक्षित असेल तर दुरुस्ती स्वस्त नाही.

आणि क्रमांक न जुळवता पैसे देणे. चॅसी, इंजिन, गिअरबॉक्स, बॉडी यांचे मूळ क्रमांक जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टच्या दाखल्यावर मिळतात. दाखला हातात घेऊन गाडीपाशी वाका आणि एकेक क्रमांक स्वतः वाचा. विकणारा ‘दाखला नंतर देतो’ म्हणाला, तर पैसेही नंतर द्या.