पहिली जागा घेताय? विसार देण्याआधी या चुका टाळा

जागेच्या व्यवहारात नवख्या माणसाच्या हातात खरी ताकद असते ती विसार (व्यवहार पक्का करण्याची आगाऊ रक्कम) देण्याआधीच्या काही दिवसांत. तोवर विकणारा फोन उचलतो, कागद दाखवतो, भावात खाली येतो. एकदा लाखभर रुपये त्याच्या खात्यात गेले की तेच कागद मागताना विनवण्या कराव्या लागतात. म्हणून या लेखातल्या बहुतेक चुका त्या आठ-पंधरा दिवसांतल्या आहेत. जे आधीच अडकले आहेत त्यांच्यासाठी शेवटी वेगळं लिहिलं आहे.

हे सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. जमिनीचे कायदे राज्यागणिक बदलतात. शेजारच्या गोव्यातसुद्धा सातबारा नसतो, एक-चौदाचा उतारा असतो. त्यामुळे इथला अनुभव सीमेपलीकडे तसाच्या तसा वापरू नका.

भाड्यातून हप्ता निघेल हे गृहीत धरणं

"भाडेकरूच तुमचं कर्ज फेडेल" हे वाक्य ऐकलं की कागद-पेन घेऊन बसा. समजा पुणे महापालिकेच्या हद्दीत ६० लाखांचा तयार फ्लॅट घेतला आणि त्याला महिना १८ हजार भाडं येतं. सात टक्के मुद्रांक शुल्काचे ४ लाख २० हजार आणि नोंदणीचे ३० हजार. (घर बाईच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते.) रंग, पंखे, गिझर, किचन ट्रॉली यांचे दीड लाख धरू. एकूण ६६ लाख झाले, दलाली अजून धरलेली नाही. या किमतीच्या घराला बँक जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज देते, म्हणजे ४८ लाख. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्यात धरत नाहीत. म्हणजे पहिल्याच दिवशी खिशातून १८ लाख गेले.

साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण ४१,६५० रुपये पडतो. भाडं वर्षातून अकरा महिने मिळेल असं धरा, कारण भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतंच. हे झाले १ लाख ९८ हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स ३० हजार, मिळकतकर १० हजार, दुरुस्ती आणि दलाली मिळून १८ हजार वजा केले तर वर्षाला १ लाख ४० हजार हातात उरतात. महिन्याला पावणेबारा हजारही नाहीत. हप्त्यासाठी पगारातून दरमहा ३० हजार घालावे लागतील आणि गुंतलेल्या ६६ लाखांवर भाड्याचा निव्वळ परतावा दोन टक्क्यांच्या आसपास बसेल. बँकेतली ठेव याहून जास्त देते.

फ्लॅट घेऊच नये असं मी म्हणत नाही. पण मग तुम्ही भाव वाढेल या आशेवर घेताय, भाड्यासाठी नाही, हे स्वतःशी स्पष्ट असू द्या. दरमहा ३० हजार दहा वर्षं सोसतील का, नोकरी सहा महिने गेली तर काय, हे प्रश्न घरात बसून मोठ्याने विचारा. नवीन करप्रणाली निवडली असेल तर आणखी एक: भाड्याच्या घरावरचा तोटा त्यात पगारातून वजा होत नाही. जुन्या प्रणालीत होतो, पण वर्षाला दोन लाखांपर्यंतच.

भांडवल चार-पाच लाखांचंच असेल तर ओढूनताणून फ्लॅट घेण्यापेक्षा शेअर बाजारात नोंदलेले रीट्स बघा. देशातलं पहिलं रीट एप्रिल २०१९ मध्ये बाजारात आलं. यात ऑफिसच्या इमारतींचं आणि मॉलचं भाडं वाटून मिळतं, एक युनिटही घेता येतं आणि पैसे लागले तर ते बाजारात विकता येतं. भाव खालीवर होतात, हे धरून चाला. पण फ्लॅटचा एक कोपरा विकून दवाखान्याचं बिल भरता येत नाही.

गुंठा-दोन गुंठ्यांचा मोह

सगळ्यात जास्त घामाचा पैसा जातो तो इथे. मुरबाड, कर्जत, मुळशी, शिरवळ, कुठेही जा, रस्त्याकडेला फलक असतो: एनए (बिगरशेती) प्लॉट, लगेच ताबा, सुलभ हप्ते. दोन लाख भरून माणूस जमीनदार झाल्याच्या आनंदात घरी येतो.

पहिली गोष्ट, महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेण्यासाठी शेतकरी असावं लागतं, नाहीतर परवानगी लागते. दुसरी, १९४७ पासून तुकडेबंदीचा कायदा आहे. प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे कायद्याने ठरवलेला सगळ्यात लहान तुकडा, सध्या जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकड्याचं खरेदीखत सरळ होत नाही. मग पळवाट निघते: एकमेकांना न ओळखणारे अकरा जण मिळून अकरा गुंठ्यांचं एक सामाईक खरेदीखत करतात आणि सातबाऱ्यावर अकरा नावं येतात. तुमचा गुंठा नेमका कोणता, हे फक्त विकणाऱ्याच्या हाताने काढलेल्या नकाशात असतं. सरकारी मोजणीत तो नसतो. पुढे विकायला गेलात तर घेणारा आणि त्याची बँक दोघेही हात आखडतात.

शहरी नियोजनाच्या हद्दीतल्या तुकड्यांसाठी सरकारने २०२५ मध्ये सवलत आणली, हे खरं आहे. पण ती कुठल्या जमिनीला लागू होते हे झोनवर, म्हणजे आराखड्यात ती जमीन कशासाठी ठेवली आहे यावर, ठरतं. एजंट ती सवलत सरसकट सगळीकडे लागू झाल्यासारखी सांगेल. त्याच्या सांगण्यावर जाऊ नका, झोन दाखला स्वतः काढा.

'एनए होणार आहे' आणि 'एनए आहे' यांत अख्खी फसवणूक मावते. आदेशाचा क्रमांक आणि तारीख मागा, मंजूर रेखांकनाचा नकाशा मागा. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराची (बिल्डरांच्या प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाची) नोंदणीही लागते. ती फक्त इमारतींनाच लागते असा समज फार पसरला आहे.

सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो, पण तो वाचायला शिकलं पाहिजे. मालकाचं नाव बघून थांबू नका. भूधारणा पद्धतीत 'भोगवटादार वर्ग-२' असेल तर ती जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. 'इतर हक्क' या रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वारसांचा दावा, असं काहीही असू शकतं. एकेका फेरफाराचा (सातबाऱ्यातल्या बदलाच्या नोंदीचा) क्रमांक घ्या आणि तो फेरफार काढून वाचा. नावं कशी आली, कुणाची कमी झाली, ते तिथेच कळतं.

आणि बहिणी. वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो आला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावरची शंकाही मिटवली. तरी गावाकडे "बहिणींचं काही म्हणणं नाही" एवढ्यावर व्यवहार होतात. म्हणणं नसेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र दाखवा म्हणावं, किंवा बहिणींनी खरेदीखतावर सह्या कराव्यात. त्यांचा हक्क खरा आहे आणि दहा वर्षांनी त्यांनी तो मागितला तर चूक त्यांची नसेल.

वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च (जागेच्या जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध) घ्या, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. वकील तुमचा असावा, एजंटने आणलेला नको. या खर्चाला नाही म्हणणारी माणसं त्याच आठवड्यात मोड्युलर किचनवर लाखभर घालतात, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

सही करणारा कोण आहे?

मालक अमेरिकेत आणि इथे त्याच्या मेहुण्याकडे कुलमुखत्यारपत्र (मालकाच्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार देणारा कागद), हे चित्र पुणे-मुंबईत नेहमीचं आहे. त्यात गैर काही नाही, पण मुखत्यारपत्रात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा आणि मालकाशी तुमचं थेट बोलणं झालेलं हवं. घेणाऱ्याने मात्र खरेदीखताऐवजी नुसत्या मुखत्यारपत्रावर समाधान मानू नये. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. नोटरीसमोरच्या साठेखतानेही (पुढे विकण्याच्या करारानेही) ती मिळत नाही.

विकणारा अनिवासी असेल तर कराची जबाबदारी तुमच्यावर येते. भारतात राहणाऱ्या विक्रेत्याला ५० लाख किंवा जास्त किंमत देताना एक टक्का टीडीएस कापायचा असतो. अनिवासी विक्रेत्यासाठी दर बराच जास्त असतो. सवयीने एक टक्का कापून मोकळे झालात तर उरलेली रक्कम आयकर खातं तुमच्याकडे मागतं. पैसे द्यायच्या आधी सीए गाठा.

रेरा क्रमांक दिसला की निर्धास्त होणं

क्रमांक म्हणजे नोंदणी. प्रकल्प चांगला असल्याचा तो दाखला नाही. तो क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर टाका आणि तीन गोष्टी बघा: पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, कोर्टात दावे कोणते आहेत, आणि मंजूर नकाशात तुमचा मजला आहे का. सेल्स ऑफिसमधला मुलगा "पुढच्या दिवाळीत चावी" म्हणतो. कायद्यापुढे मात्र नोंदवलेली तारीखच मोजली जाते. भाव नेहमी कार्पेट क्षेत्राने (घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेने) भागून बघा. नोंदणीकृत करार होण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हेही लक्षात असू द्या. बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर घेतलेल्या घरावर लागत नाही. दोघांची तुलना करताना तो फरक धरा.

दुकानाच्या किंवा ऑफिसच्या गाळ्यावर 'हमखास बारा टक्के परतावा' असं कुणी लिहून देत असेल तर तिथून उठा. तो परतावा बहुतेक वेळा तुमच्याच वाढीव किमतीतून येतो.

विमानतळ येणार, रिंगरोड येणार

नवी मुंबई विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये. त्याची चर्चा तर त्याच्या कितीतरी आधीपासून होती. पुरंदरच्या विमानतळाची जागा २०१६ मध्ये जाहीर झाली आणि २०२५ मध्येही तिथे भूसंपादनावरून आंदोलनं चालू होती. प्रकल्पाच्या बातमीवर घेतलेली जमीन इतका काळ पडून राहू शकते आणि त्या काळात कर्जावरचं व्याज थांबत नाही. शिवाय प्रकल्पाच्या फार जवळ गेलात तर जमीन संपादनातच जाऊ शकते. माझं मत असं: जी जागा प्रकल्प दहा वर्षं लांबला तरी भाड्याने जाईल किंवा विकली जाईल, तीच घ्यावी.

थोडी रोख द्या, शुल्क वाचेल

जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेण्यावर बंदी आहे आणि दंड त्या रकमेइतका होऊ शकतो. कागदावर किंमत कमी दाखवली की बँकेचं कर्ज कमी होतं आणि पुढे तुम्ही पूर्ण पांढऱ्यात विकाल तेव्हा तुमचा नफा फुगून कर वाढतो. किंमत सरकारी मूल्यांकनापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली गेली तर फरकावर दोन्ही बाजूंना कर बसू शकतो. आणि व्यवहार फिसकटला तर रोखीचा पुरावा कुठून आणणार?

आधीच अडकला असाल तर

विसार दिला आणि आता कागद संशयास्पद वाटतायत: दुसरा हप्ता थांबवा. काय कागद हवेत ते लेखी, पोचपावतीसह मागा. आतापर्यंतचे बँकेचे उतारे, पावत्या, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपून ठेवा.

बिल्डरने ताबा लांबवला: रेरा कायद्याच्या कलम १८ खाली दोन मार्ग आहेत. व्याजासह पैसे परत घेऊन बाहेर पडा, किंवा प्रकल्पात राहून उशिराच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मागा. तक्रार ऑनलाइन होते, सलोखा मंचाचाही पर्याय आहे. आदेश पाळला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली होते. तिला वेळ लागतो, तेव्हा सगळे खरेदीदार मिळून पाठपुरावा करा.

सोसायटी झाली पण जमीन अजून बिल्डरच्या नावावर: जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घेण्याचा) अर्ज करता येतो.

खरेदीखत झालं पण सातबाऱ्यावर नाव चढलं नाही: फेरफार कुठे अडला ते तलाठी कार्यालयात विचारा. हरकत आली असेल तर ती मंडळ अधिकाऱ्यांपुढे चालते, तिथे स्वतः हजर राहा. क्षेत्र कमी भरत असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा आणि मोजणीच्या दिवशी शेजारच्या गटाच्या मालकांनाही बोलवा.

भाडेकरू मुदत संपली तरी जागा सोडत नाही: करार लिव्ह अँड लायसन्सचा आणि नोंदणीकृत असेल तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. नोंदणी केली नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. ती ऑनलाइन होते, पुढच्या भाडेकरूपासून तरी करा.

सामाईक सातबाऱ्यावर गुंठा अडकला: सहमालकांची यादी करा, त्यांना एकत्र गाठा आणि झोन दाखला काढून तो तुकडा २०२५ च्या सवलतीत बसतो का, हे तहसील कार्यालयात लेखी विचारा. बसत असेल तर अकराही जणांनी मिळून एकच वकील करा. बसत नसेल तर त्यावर बांधकामाचा एक रुपयाही घालू नका, आणि नातेवाइकाला तो तुकडा देत असाल तर हे सगळे कागद त्याच्यापुढे ठेवूनच द्या.