जुन्या फोटोतली चिलखती गाडी कशी ओळखावी

फोटोखालची ओळ शेवटी वाचा. एका बुरुजाची (बुरुज म्हणजे वरची फिरती, बंदूक बसवलेली कोठी) कुठलीही गाडी दिसली की तिला ‘रोल्स-रॉईस’ म्हणून टाकायची सवय फार जुनी आहे. छापील फोटो ६०० डीपीआयला स्कॅन करा, म्हणजे चाकांचे आरे आणि बंदुकीची भोकं मोजता येतात.

आधी गाडीचा वरचा भाग पाहा. १८९९ च्या सिम्स मोटर स्काउटला फक्त समोर लोखंडी ढाल होती, चालवणारा मागून पूर्ण उघडा. १९१४ ची बेल्जियन मिनर्व्हा बाजूंनी पत्र्याने झाकलेली, पण वरून मोकळी. शेजारी-शेजारी दोन बुरुज असले तर ती रशियाला पुरवलेली ब्रिटिश ऑस्टिन. दोन बुरुज तिरक्या रेषेत असले तर त्याच चॅसिसवर (चाकं-इंजिनासकट खालच्या सांगाड्यावर) रशियातल्या पुतिलोव कारखान्यात चढवलेली बॉडी.

एकच बुरुज असेल तर गाडीचं नाक तपासा. रोल्स-रॉईस आणि लँचेस्टर यांचे बुरुज जवळपास सारखे, त्यामुळे सगळा घोळ इथेच होतो. रोल्स-रॉईसचं बॉनेट लांब आणि ठळक, रेडिएटरपुढे पत्र्याची दारं, मागे उघडा सपाट हौदा. (दारं बंद ठेवली की हवा अडून इंजिन तापतं, म्हणून ती कित्येकदा उघडी दिसतात.) लँचेस्टरचं इंजिन चालकाच्या शेजारी असल्यामुळे बॉनेट असं पुढे येतच नाही, पत्रा सरळ उतरत जातो.

चाकांवरून साल ठरवायचं, पण जपून. १९१४ च्या रोल्स-रॉईसला तारेचे आरे आणि मागे जोडचाकं, तर १९२० च्या नमुन्याला थाळीसारखी बंद चाकं. मात्र जुन्या गाड्यांत पुढे दुरुस्ती-बदल झाले, त्यामुळे निव्वळ चाकांवर निकाल देऊ नका.

हिंदुस्थानातल्या फोटोंत ही अडचण जास्तच. १९२१ च्या ‘इंडियन पॅटर्न’ रोल्स-रॉईसला घुमटाकार बुरुज आणि मशीनगनसाठी चार जागा. १९२३ च्या क्रॉसलीचा घुमटही तसाच. क्रॉसलीचे टायर भरीव रबराचे, हा फरक कामाचा. पण चॅसिस झिजल्यावर १९३९ च्या सुमारास काही क्रॉसली बॉडी शेव्हरोलेच्या चॅसिसवर चढवल्या, आणि त्यांना हवेचे टायर आहेत. इजिप्त-इराककडच्या दुसऱ्या महायुद्धातल्या फोटोंत रोल्स-रॉईसची बॉडी फोर्डसन ट्रकच्या चॅसिसवर सापडते.

अशा फोटोची नोंद करताना बॉडी आणि चॅसिस यांची नावं वेगळ्या रकान्यांत लिहा.