घरभर गाणी हवीत? मल्टीरूम ऑडिओ घेताना या चुका टाळा

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, घर ऑटोमेट करून घेतलं, लाइट-पंखे मोबाइलवर आले, आता सगळ्या खोल्यांत गाणी वाजायला हवीत तर कुठला स्पीकर घेऊ? मी आधी विचारतो भिंती कसल्या आहेत. स्पीकरची कंपनी नंतर बघू, कारण आमच्या गोव्यात काम अडतं ते बहुतेक भिंतीतच.

फोंड्याचं आमचं जुनं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, भिंती दीड-दोन फूट जाड, मधे राजांगण आणि वर कौलं. राऊटर वसरीवर, म्हणजे पुढच्या ओसरीवर. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय पहिल्या भिंतीपलीकडे जेमतेम पोचायचं आणि दुसऱ्या भिंतीपलीकडे नाहीच, त्यात पावसाळ्यात भिंतींना ओल आली की आणखी कमी. मी मात्र स्पीकरच खराब समजून एक बदलून आणला, तोही तसाच तुटत तुटत वाजायला लागला, तेव्हा खूप वाईट वाटलं कारण पैसे तर गेलेच आणि चूक स्पीकरची नव्हतीच. शेवटी मागच्या खोलीपर्यंत कॅट सिक्सची, म्हणजे इंटरनेटची, वायर ओढून तिथे वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा आणखी एक डबा, लावला आणि तिथून पुढे आवाज एकदाही तुटला नाही. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते, म्हणजे कितीही ऐसपैस घर असलं तरी पुरते. तुमच्याकडे आवाज तुटत असेल आणि स्पीकरला लॅनचं, म्हणजे इंटरनेटची वायर खोचायचं, भोक असेल तर तो उचलून राऊटरजवळ न्या, वायरने जोडा आणि तासभर वाजवा, तुटणं थांबलं तर दोष वायफायचा. घराचं काम अजून चालू असेल तर प्लास्टर व्हायच्या आधी प्रत्येक खोलीत वायरसाठी एक रिकामा पाइप टाकून ठेवा, हे मी अगदी हात जोडून सांगतो, चिरा नंतर फोडायला गेलात तर खर्च आणि धूळ दोन्ही सोसवत नाही.

"ॲपमध्ये स्पीकर दिसतच नाही" ही तक्रार तर कायमची. नव्वद टक्के वेळा म्हणणार नाही पण मी बघितलेल्या बऱ्याच घरांत कारण एकच होतं, फायबरवाल्याने दिलेल्या डब्याचं स्वतःचं वायफाय चालू आणि वरून मालकाने आपला मेश, म्हणजे घरभर वायफाय पसरवणारा दोन-तीन डब्यांचा संच, बसवलेला, मग फोन एका नेटवर्कवर नि स्पीकर दुसऱ्यावर, ते एकमेकांना दिसणार कसे? डबा ब्रिज मोडला टाकून घ्या, म्हणजे तो स्वतः राऊटर न होता इंटरनेट फक्त पुढे देईल, आणि स्पीकर पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या गेस्ट नेटवर्कवर कधीच टाकू नका.

दुसरी चूक म्हणजे सेलमध्ये जो मिळेल तो स्पीकर उचलायचा, एक ब्लूटूथचा, एक गूगलवाला, एक ॲपलच्या एअरप्ले टूवाला. सगळे चांगलेच असतील, पण एका वेळी तंतोतंत एकत्र वाजायला ग्रुप एकाच जातीचा लागतो, म्हणजे सगळे स्पीकर एकाच पद्धतीने चालणारे. ब्लूटूथमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद मागे राहणं नेहमीचं, त्यामुळे हॉलमध्ये आरतीची ओळ संपते तेव्हा स्वयंपाकघरात ती अजून चालू असते. पण एक लक्षात घ्या, आवाजालाच १० मीटर जायला साधारण ३० मिलिसेकंद लागतात, म्हणून लांबलचक घरात दोन स्पीकरांच्या मधे उभं राहिल्यावर थोडंसं घुमल्यासारखं वाटलं तर तो बिघाड नाही, त्यासाठी सेटिंग बदलत बसू नका.

ॲपवर सगळं सोडू नका. सोनोस या मल्टीरूम स्पीकरच्या कंपनीने मे २०२४ मध्ये नवं ॲप आणलं तेव्हा अलार्मसारख्या रोजच्या सोयी त्यातून गायब झाल्या होत्या, लोक वैतागले आणि कंपनीच्या प्रमुखाला माफी मागावी लागली. म्हणून स्पीकरवर किंवा भिंतीवर खरंखुरं बटण हवंच. आईला सकाळी अभंग लावायला माझा फोन लागता कामा नये, एवढी एकच अट मी घातली होती.

तारेचे सीलिंग स्पीकर घेणार असाल तर ॲम्प्लिफायरचं गणित बघा. ओहम म्हणजे स्पीकरचा विजेला होणारा अडथळा, आठ ओहमचे चार स्पीकर पॅरलल, म्हणजे सगळे त्याच दोन तारांवर, जोडले तर ॲम्पला दोनच ओहम दिसतात आणि तो तापून बंद पडतो, इलेक्ट्रिशियन "चालतंय ना" म्हणून निघून जातो आणि आठवड्याने आपण बोंबलतो. आणि एका खोलीत एकच स्पीकर असेल तर तिथे मोनो, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र, करून घ्या, नाहीतर डावी बाजू हॉलमध्ये, उजवी बेडरूममध्ये, असं होऊन गाणं एका खोलीत आणि तबला दुसऱ्या खोलीत ऐकू येतो. नाट्यगीतं ऐकणाऱ्या घरात हे फार खटकतं हो.

आता वीज. मे अखेर आणि ऑक्टोबरात गडगडाट सुरू झाला की लांब तारांतून झटका आत येतो. बरेच जण समजतात आरसीसीबी, म्हणजे वीज गळती झाली की पडणारा स्विच, आहे म्हणजे झालं, पण तो माणसाला शॉकपासून वाचवतो, विजेच्या सर्जपासून सामान वाचवायला डीबीत, म्हणजे घराच्या स्विचच्या पेटीत, वेगळं एसपीडी, म्हणजे सर्ज अडवणारं उपकरण, लागतं, आणि अर्थिंग नीट नसेल तर तेही फुकट. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन सुकून ठणठणीत होते तेव्हाच अर्थिंग मोजून घ्या. सतत हम्म असा आवाज येत असेल तर टीव्हीची केबल काढून बघा, थांबला तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलंय.

समुद्राजवळ राहत असाल तर बाहेरच्या स्पीकरला आयपी६५, म्हणजे धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा, तरी हवा आणि जाळी नि स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, खारा वारा साध्या लोखंडाला सोडत नाही. रात्री १० ते सकाळी ६ बाहेरच्या स्पीकरांचा आवाज आपोआप खाली येईल असं रुटीन ॲपमध्ये करून ठेवा, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि शेजारी आजारी माणूस असू शकतो.

सगळा संच एकदम घेऊ नका. एकच स्पीकर आणा, घरातल्या सगळ्यात लांबच्या खोलीत ठेवा, दारं बंद करून आठवडाभर वाजवा, जमलं तर पावसाच्या आठवड्यात, आणि मगच बाकीचे मागवा.