मंत्र्यांचा सल्लागार व्हायचंय? आधी शेरा वाचायला शिका

जळगाव-धुळ्याची पोरं हल्ली खूप विचारतात, दादा, मंत्र्यांकडे ओएसडी (विशेष कार्य अधिकारी) कसं व्हायचं, राजकीय सल्लागार कसं व्हायचं. मी अमळनेर तालुक्यातला. आधी कार्यकर्ता, मग आमदारांचा पीए, आणि ते राज्यमंत्री झाले तेव्हा त्यांच्यासोबत मंत्रालयात. अकरा वर्षं झाली तरी रात्री अकरानंतर फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं.

पदं, पगार हे तुम्हाला माहीत असेल, त्यात जात नाही. फक्त घरी एक आधीच सांगून ठेवा, बाहेरून घेतलेल्या माणसाची नेमणूक मंत्र्यांच्या खुर्चीला बांधलेली असते, खातं गेलं की आपणही गावाकडे. मी घरी सांगितलं नव्हतं, फार जड गेलं.

आता मी जिथे फसलो ते. आमच्याकडचे एक आबा पाणी योजनेचं निवेदन घेऊन मुंबईला आले, रात्रभर रेल्वेत बसून. भाऊंनी, म्हणजे आमच्या राज्यमंत्र्यांनी, कोपऱ्यात शेरा लिहिला, 'तपासून प्रस्ताव सादर करावा', खाली सही. मी सहीच बघितली. जिन्यातच आबांना म्हणालो, काम झालं आबा. आबा परत पोचायच्या आत गावात स्टँडवर बॅनर लागलं, फटाके फुटले.

शेरा म्हणजे मंजुरी नाही रे बाबांनो! तो कागद विभागात जातो, तिथे टिपणी तयार होते, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव करत फाईल वर चढते, तांत्रिक मान्यता लागते, प्रशासकीय मान्यता लागते, बजेटमध्ये तरतूद आहे का बघतात, वित्त विभाग शंका काढून फाईल खाली पाठवतो, ती परत वर येते, आणि हे सगळं पार पडलं तर जीआर, म्हणजे शासन निर्णय, निघतो. 'तपासून सादर करावे' म्हणजे मंत्र्यांनी फक्त विचारलंय. 'नियमानुसार कार्यवाही करावी' म्हणजे नियमात बसलं तरच. जीआर त्याच्या संकेतांकासकट (जीआरचा नंबर) डोळ्यांनी बघेपर्यंत 'झालं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही, कारण आपण बोलतो ते लोकांच्या कानाला भाऊच बोलल्यासारखं असतं. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं म्हणून एवढं लांबवतोय.

चार महिन्यांनी भाऊ त्याच गावात लग्नाला गेले. मंडपात एक म्हातारी पुढे आली, "बॅनर ते लागी गयं रे भो, पानी कवय ई?" म्हणजे, पाणी कधी येणार? भाऊंनी माझ्याकडे बघितलं. पारोळ्यापर्यंत गाडीत एक शब्द नाही बोलले.

पण घाबरू नका, एका चुकीने कोणी काढत नाही. मी त्याच रात्री सगळं खरं सांगितलं, म्हणून टिकलो.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. तरुणांना सरकारी कामाचा अनुभव देणारी राज्याची मुख्यमंत्री फेलोशिप २०१५ ला सुरू झाली, मध्ये बंद पडली, २०२३ ला परत आली. वयात बसत असाल तर जरूर भरा, फाईल जवळून बघायला मिळते. पण नेत्याचं इन्स्टा सांभाळून सल्लागार होता येतं असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. गुरू करायचा तर रिटायर झालेला कक्ष अधिकारी करा, नेत्याचा भाचा नको. पी. एन. हक्सर इंदिरा गांधींचे सचिव होते, १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हाही तेच होते, आणि त्यांचं वजन होतं ते त्यांच्या नोटमुळे, म्हणजे लेखी टिपणीमुळे, असं मी मानतो. एका पानात नेत्याला न आवडणारी गोष्ट नीट मांडता आली पाहिजे. मला अजून दीड पान लागतं.

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एकदा तरी जाऊन बसा, लक्षवेधीला (आमदाराने तातडीच्या प्रश्नाकडे लक्ष वेधणारी सूचना) उत्तर देताना मंत्री मागे वळून कोणाकडे बघतात ते बघा.

आबांची फाईल दोनदा खाली आली, आता तिसऱ्यांदा वित्त विभागात आहे. दर सोमवारी मी आबांना फोन करून कुठल्या टेबलावर आहे तेवढंच सांगतो.