एआय असिस्टंटला डॉक्युमेंटेशन जोडायचं कसं

आमच्या टीममधे एक नवीन मुलगा आलाय, चांगला हुशार आहे, पण परवा दोन तास एकाच एररपाशी अडकून बसला होता. पांडाजमधे, म्हणजे पायथनच्या डेटा हाताळायच्या लायब्ररीत, डेटाफ्रेमला (तिथल्या तक्त्याला) रो जोडायची म्हणून एआयने त्याला अपेंड वापरून कोड दिलेला, दिसायला एकदम व्यवस्थित, आणि रन केला की 'डेटाफ्रेमला अपेंड नावाचं काही नाही' म्हणून एरर. कारण ते अपेंड २०२३ मधे पांडाज २.० आलं तेव्हाच काढून टाकलंय, आता कॉन्कॅट वापरायचं. एआयने शिकताना जुना कोड ढिगाने वाचलाय, त्यामुळे तेच त्याच्या तोंडी बसलंय. पायडँटिक या डेटा तपासायच्या लायब्ररीचंही तसंच, दुसऱ्या व्हर्जनमधे डिक्टच्या जागी मॉडेल डम्प आलं तरी असिस्टंट कधीकधी जुनंच लिहून देतो.

यावर उपाय म्हणजे उत्तर द्यायच्या आधी त्याला आजचं डॉक्युमेंटेशन, म्हणजे लायब्ररी कशी वापरायची ते सांगणारी पानं, शोधायला लावायचं. त्यासाठी एमसीपी आहे, मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, अँथ्रोपिकने नोव्हेंबर २०२४ मधे सगळ्यांसाठी खुला केला आणि आता कर्सर, व्हीएस कोड, क्लॉड कोड अशा कोड लिहायच्या टूलमधे सगळीकडे चालतो. तुमचा असिस्टंट हा क्लायंट, डॉक्युमेंटेशन शोधून देणारा तो सर्व्हर, आणि दोघांनी एकमेकांशी कसं बोलायचं ते एमसीपीने ठरवलेलं.

मी क्लॉड कोडमधे अपस्टॅश कंपनीचा कॉन्टेक्स्ट७ हा डॉक्युमेंटेशनचा सर्व्हर जोडलाय, तोच सांगते. टर्मिनलमधे क्लॉड, एमसीपी, ॲड हे तीन शब्द, मग दोन हायफन लावून ट्रान्सपोर्ट आणि पुढे एचटीटीपी, मग सर्व्हरला द्यायचं नाव, शेवटी सर्व्हरचा पत्ता. पत्ता त्यांच्या अधिकृत पानावरूनच कॉपी करा, कुणाच्या तरी जुन्या व्हिडिओतून नको. टीममधे सगळ्यांना हवा असेल तर त्याच कमांडमधे स्कोप प्रोजेक्ट ठेवा म्हणजे सेटिंगची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमधेच बनते आणि गिटमधून सगळ्यांकडे जाते, मात्र एपीआय की (सर्व्हर वापरायची तुमची गुप्त किल्ली) त्या फाइलमधे कधीच लिहू नका. मग क्लॉड कोड उघडून स्लॅश एमसीपी टाका, नावापुढे कनेक्टेड दिसलं की झालं.

कर्सर आणि व्हीएस कोडमधे सर्व्हरचा पत्ता सेटिंगच्या फाइलमधे लिहून काम चालतं आणि इथे बरेच जण फसतात, कर्सरच्या फाइलमधे सगळ्यात वर एमसीपी आणि सर्व्हर्स असा जोडशब्द असतो आणि व्हीएस कोडच्या फाइलमधे नुसतं सर्व्हर्स, त्यामुळे इकडची फाइल तिकडे जशीच्या तशी पेस्ट करून चालत नाही.

ॲझ्युअर किंवा डॉटनेटवर काम असेल तर मायक्रोसॉफ्ट लर्नचा स्वतःचा सर्व्हर आहे, त्याला लॉगिनसुद्धा लागत नाही, तोच जोडा.

आता खरी गोष्ट. सर्व्हर जोडला म्हणजे असिस्टंट तो वापरेलच असं नाही! आपल्याला येतंय असं त्याला वाटलं की तो सरळ आठवणीतून लिहून मोकळा होतो. म्हणून प्रोजेक्टच्या सूचनांच्या फाइलमधे, क्लॉडसाठी ती क्लॉड डॉट एमडी, स्पष्ट लिहून ठेवा की लायब्ररीचा कोड लिहायच्या आधी डॉक्युमेंटेशन शोध, आणि आम्ही अमुक व्हर्जन वापरतो. व्हर्जन लिहिलंच पाहिजे, नाहीतर तो ताजं शोधून आणेल आणि तुमच्या मशीनवर दोन वर्षं जुनं इन्स्टॉल असेल, म्हणजे उलट बाजूने तोच घोळ. आणि मराठीत प्रश्न विचारला तरी काही बिघडत नाही, मी रोज विचारते, फक्त शोध इंग्रजीत कर एवढं त्याला सांगून ठेवा कारण डॉक्युमेंटेशन इंग्रजीत असतं.

उत्तर येताना स्क्रीनकडे लक्ष ठेवा. कॉन्टेक्स्ट७ आधी लायब्ररीचा आयडी शोधतो आणि मग त्यातलं हवं ते पान आणतो, ही दोन्ही बोलावणी तिथे दिसतात, दिसली नाहीत तर उत्तर आठवणीतलं आहे असं समजा आणि परत विचारा. आयडी पण वाचा, एकसारख्या नावाच्या लायब्ररी खूप असतात आणि तिथली माहिती लोकांनी जोडलेली असते, त्यामुळे मूळ प्रोजेक्टचाच आयडी आहे ना ते बघायचं. बाहेरून आलेल्या मजकुरात एखादी फसवी सूचनाही लपलेली असू शकते, म्हणून कमांड चालवायची परवानगी डोळे मिटून देऊ नका. तुमचा प्रश्न बाहेरच्या सर्व्हरवर जातो हेही लक्षात असू द्या, क्लायंटचं नाव, पासवर्ड, आतला कोड त्यात जाता कामा नये.

आणि दहा सर्व्हर एकदम जोडू नका, प्रत्येकाच्या टूलचं वर्णन असिस्टंटच्या कॉन्टेक्स्टमधे, म्हणजे तो एका वेळी जेवढं वाचू शकतो त्यात, जागा खाऊ शकतं. मी दोनच ठेवलेत.

त्या मुलाच्या मशीनवर सगळं जोडून झाल्यावर आम्ही तोच प्रश्न परत विचारला. आधी शोध दिसला, मग कॉन्कॅटचा कोड आला, आणि खाली असिस्टंटने स्वतःहून लिहिलं होतं की रो आधी लिस्टमधे गोळा कर आणि शेवटी एकदाच जोड, लूपमधे दर वेळी जोडलं तर हळू चालतं.